मातीला आलेला जावई

५ नोव्हेंबर, लिंबागणेश

पोचलो एकदाचा. बीडहून निघालेली जीप इतक्या वेळा थांबली की शेवटी मी म्हणालो, उतरून चालत जातो. तर ड्रायव्हर म्हणाला, बसा साहेब, चालत गेलात तर आमच्या आदी पोचाल आन् आमची इज्जत जाईल. माणसं बरी दिसतायत. मासे मिळणार नाहीत, ते धरूनच आलोय.

काम असं आहे. गावाबाहेरच्या माळावर संशोधनासाठी एक खोल भोक पाडलंय. वरून खाली सगळा काळा पाषाण, लाव्ह्याचे थरावर थर. आणि अगदी तळाला, जिथं कुणाला काही अपेक्षा नव्हती, तिथं लाल वाळूचा दगड लागला. वाळवंटातली वाळू. लाव्हा यायच्या आधी इथं वाळवंट होतं आणि ते तसंच्या तसं खाली राहिलंय. यंत्रानं त्या दगडाच्या गोल कांड्या वर काढून खोक्यांत रचून ठेवल्यात. मी त्यातले दाणे वेचून पुण्याला तेजश्रीकडे पाठवायचे, तिनं प्रयोगशाळेत त्यांचं वय काढायचं.

आल्या आल्या फजिती झाली. टपरीवाल्यानं विचारलं, काहून आलात. मी ऐटीत म्हणालो, मातीच्या कामाला आलोय. एकानं टोपी काढली. दुसऱ्यानं हळूच विचारलं, कुनाची माती हाय. म्हटलं, फार जुनी आहे हो, कोट्यवधी वर्षांची. त्यानंतर कुणी माझ्याकडे नीट बघेना, आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. मला न्यायला आलेल्या आश्रुबाला, म्हणजे आमच्या शेडच्या राखणदाराला, हसू आवरेना. साहेब, आमच्याकडं मातीला जानं म्हंजी मयताला जानं. आता गावभर झालं आसंल, तुमी कुनाच्या तरी मातीला आलात म्हनून.

आम्हा चिपळूणकरांना हे कुठून कळायचं. मीही हसलो. रुद्राणी असती तर तिनं हे पुरवून पुरवून वर्षभर वापरलं असतं. ही तिची भाषा. गावही तिचंच.

७ नोव्हेंबर

शेड छान आहे. पत्र्याची असली तरी मागं मोठा लिंब आहे, त्यामुळे दुपारी सुसह्य होतं. वाळूच्या दगडाचं खोकं सगळ्यात शेवटी, भिंतीला. कांडी हातात घेतली तर विटकरी रंग, आणि भिंगातून बघितल्यावर प्रत्येक दाणा गोल, गुळगुळीत. वाऱ्यानं घासलेला. हातोडी मारली तर टणकन् वाजली, तुकडा निघेना.

आश्रुबाला घड्याळाची गोष्ट सांगितली. दाण्यांत पोटॅशियम असतं, त्यातलं थोडं युगानुयुगं हळूहळू आरगॉन वायू बनत राहतं. वायू दाण्यात कोंडून बसतो. तो किती साठलाय ते मोजलं की वय कळतं. पण दाणा कडक तापला की कोंडलेला वायू निसटतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणजे आगीतून गेलेला दाणा मागचं सगळं विसरतो. आश्रुबा म्हणाला, माझा थोरला भाऊबी तसाच हाय, तापला का मागचं समदं इसरतो.

आता खरं लिहितो. ही नेमणूक मी मागून घेतली. तेजश्रीला वाटतं, वाळवंटासाठी. रुद्राणीची आई, गंगासागरबाई, गावापलीकडच्या शेतात राहतात. आम्ही कोर्टात लग्न केलं म्हणून रेवणप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दार लावलं ते शेवटपर्यंत उघडलं नाही. ते गेल्यावर मायलेकींचे फोन सुरू झाले. जमत आलं होतं सगळं. मग एकवीस सालचा एप्रिल आला. इस्पितळात रुद्राणी एका इमारतीत, मी दुसऱ्या इमारतीत, दोघांच्याही नाकाला नळ्या. ती गेली तेव्हा आईंनी एकच मागितलं होतं. आमी लिंगायत, आमच्यात माती देतात, माझ्या लेकीला जाळू नका. पण ते ना माझ्या हातात होतं ना कुणाच्या. त्या दिवसांत सगळ्यांना एकच वाट होती. मला देह दिसला नाही, राख मिळाली नाही. फोनवर एक मेसेज आला, तेवढाच.

तेव्हापासून आई माझ्याशी बोललेल्या नाहीत. रविवारी जाऊन समोर बसणार आहे. शिव्या दिल्या तरी चालेल. लेकीची माती झाली नाही हे दुःख त्या एकट्या वागवतायत, मला त्यातला वाटा हवाय.

९ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

सफरचंदं आणि एक लुगडं घेऊन निघालो. शेताजवळ बरीच माणसं बसलेली. बायकांनी डोक्यावर पदर घेतलेले, ताटात भस्म, बेलाची पानं, मीठ. रेवणप्पांच्या समाधीशेजारी ताजा खड्डा. मला वाटलं, घरातलं कुणी गेलं. चपला काढल्या आणि आश्रुबाला विचारलं, कोण. त्यानं खालच्या मानेनं सगळं सांगितलं.

टपरीवरची ती माझी अक्कल. मी कोण ते गावानं आडनावावरून ओळखलं, आणि बातमी गेली की रुद्राणीचा नवरा मातीला आलाय. आईंपर्यंत पोचली ती अशी, की जावई लेकीला घेऊन आलाय. जे काही उरलं असेल ते घेऊन. त्यांनी पाहुणे बोलावले, विधी करणाऱ्या जंगम स्वामींना बोलावलं, खड्डा घेतला. यांच्यात मेलेल्याला आडवं करत नाहीत, बसवतात. खड्ड्याच्या एका अंगाला मातीतच बसायला कोनाडा कोरला होता.

आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दिसत फारसं नाही. त्या माझ्यापर्यंत चाचपडत आल्या, माझे दोन्ही हात धरले, मग पिशवी धरली. आत हात घालून एकेक सफरचंद बाहेर काढून जमिनीवर ठेवलं. लुगडं उलगडून चाचपलं. पिशवी उलटी करून झटकली. मग विचारलं, माझी लेक कुठं हाय.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जंगम स्वामी म्हणाले, उघडलेली माती उपाशी बुजवू नये, दगड ठेवा आन् बुजवा. आई म्हणाल्या, दगड माझ्या पोटचा न्हाई. खड्ड्यावर पत्रे टाकलेत. आई पत्र्यांजवळ बसून आहेत.

२४ नोव्हेंबर

तेजश्रीचा फोन. विचारत होती, चुलीतली राख पाठवलीस का. दाण्यांत आरगॉन नाहीच. वय शून्य. मी भडकलो, म्हटलं तुझं यंत्र बिघडलंय, ती म्हणाली तुझं डोकं. आम्ही बारा वर्षं असेच भांडतो. पण तिनं त्याच खेपेला वय माहीत असलेला दगड लावला होता, त्याचं बरोबर आलं. म्हणजे आमची वाळू आगीतून गेली आहे, आणि ते इतक्यातच, इतकं की या घड्याळाला मोजताच येत नाही. एवढ्या पाषाणाखाली आग लावायला कोण गेलं होतं?

आश्रुबाला विचारलं, खोकं चुलीजवळ ठेवलं होतंस का. तो रुसला. नवे दाणे कांडीच्या अगदी गाभ्यातून काढलेत, जिथं कुणाचा हात पोचलेला नाही. पाठवले.

दुपारी आईंकडे जाऊन बसतो. बोलत नाहीत. काल मात्र चहा आणून पुढ्यात ठेवला. कपाची कड पदरानं पुसून ठेवला. एवढ्यानंही मला रडू आलं.

१२ डिसेंबर

गाभ्यातलेही शून्य. तेजश्रीनं तिच्या मैत्रिणीकडून दुसऱ्या रीतीनं मोजून घेतलं. आजूबाजूच्या किरणोत्सारानं दाणा ऊर्जेनं थोडा थोडा भरत जातो. तापला की रिकामा होतो, आणि लगेच पुन्हा भरायला लागतो. किती भरलाय त्यावरून कळतं, शेवटचा तापला कधी. थोड्या वर्षांचा हिशेब यात नीट लागतो.

उत्तर आलं, चार-पाच वर्षं. दोनेक वर्षं इकडे तिकडे. तेजश्री हसली. म्हणाली, तुझं वाळवंट बालवाडीत आहे. मला हसता आलं नाही. का, ते तिला सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही.

आणखी एक. हातोडीला दाद न देणारा तो दगड आता बोट लावलं की भुगा होतो. आणि कोमट लागतो. भाकरी उतरवून बराच वेळ झालेल्या तव्याइतका. आश्रुबा म्हणाला, उनानं. त्या भिंतीला ऊन लागत नाही.

२९ डिसेंबर

आमच्या धंद्यात प्रत्येक आकड्याला शेपूट असतं. अधिक-उणे इतकं. शेपटाशिवाय आकडा देणारा एक तर लबाड, नाहीतर मूर्ख. आमचं शेपूट पहिल्यांदा दोन वर्षांचं होतं. दुसऱ्यांदा मोजलं तर सहा महिन्यांचं. काल तिसऱ्यांदा, तर एका महिन्याचं. यंत्र तेच, दाणे तेच, माणूस तोच. असं आपोआप होत नसतं. तेजश्री आता हसत नाही.

एप्रिल २०२१.

जेवून शेडमध्ये आलो तर शेवटच्या खोक्याकडून श्वास ऐकू आला. ओढून घेतलेला, मग मध्येच अडकलेला. शेवटचे दोन दिवस रुद्राणीला बोलता येत नव्हतं. ती फोन नुसता चालू ठेवायची, मी इकडे कानाशी धरून पडून राहायचो. तो श्वास मी ओळखणार नाही तर कोण ओळखेल.

३ जानेवारी

वाळू वाढली आहे. खोक्याचं झाकण बसत नाही.

आश्रुबा आत यायचा बंद झाला. फाटकातूनच विचारलं, साहेब, आतमदी बाईमानूस हाय का. कोन तरी खोकतंय लई. म्हणजे माझ्या एकट्याच्या कानांचा दोष नाही. मला भीती वाटते. आणि खोटं कशाला लिहू, मला आनंदही होतो. साडेचार वर्षांत पहिल्यांदा.

८ जानेवारी

आकडा आला.

२९ एप्रिल २०२१. शेपूट नाही.

तेजश्री रडत होती. तिला तारीख माहीत आहे. त्या दिवशी इस्पितळाच्या फाटकाबाहेर माझा डबा घेऊन तीच उभी होती. म्हणाली, ती वाळू परत भोकात टाक आणि घरी ये. यापुढे एक दाणा मोजणार नाही. मला ‘विद्या’ अशी घरच्या नावानं हाक मारली. एरवी आडनावानं हाक मारते.

नाही टाकणार. कशी टाकू.

११ जानेवारी

आईंना सांगितलं. आरगॉन वगैरे काही नाही. एवढंच, की ती जळाली तेव्हाच जळालेली वाळू माझ्याजवळ आहे.

त्यांनी विचारलं, गरम हाय का. म्हटलं, हो. मग विचारलं, दम लागतो का तिला आजून.

त्यांनी माझं डोकं ओढून पोटाशी धरलं. म्हणाल्या, तुमी तरी काय करनार व्हता बापू. पुढल्या सोमवारी आना तिला. मी वाट बगते.

१३ जानेवारी

जंगम स्वामी नाही म्हणाले. आगीतून गेलेलं मातीत बसवू नये, ते कोन हाय ते त्यालाच ठाव नसतंय. आई म्हणाल्या, माझी मी बसवते. त्यांनी अंगण सारवून घेतलंय. दळण आणलंय. कुणाशी तरी बोलताना ऐकलं, लेक येनार हाय. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांत काजळ घातलंय.

आता माघार नाही.

१६ जानेवारी

पोत्यात भरायला वाळूत हात घातला. आतून कुणीतरी धरला.

बोटं. घट्ट नाही. आजारी माणूस धरतं तशी —

ओरडलो नाही. हात काढला नाही. ऊन पार समोरच्या भिंतीवरून उतरलं तरी तसाच बसून होतो. काय काय बोललो तिच्याशी. दुधवाल्यापासून सगळं.

नंतर तोंड धुतलं तर दातांत वाळू.

१९ जानेवारी, सोमवार

आश्रुबानं ट्रॅक्टर आणला. पोती उचलेनात, ओढून चढवली. वाटेत तो एकदाही मागं बघेना.

पत्रे काढले. आईंना उतरता येत नाही, मी उतरलो. आश्रुबानं वरून ओतलं, मी कोनाड्यात सावरत गेलो. वाळू ढासळली नाही. बसली. गुडघे. खांदे. डोकं खाली घातलेलं. आश्रुबानं बघितलं आणि मागं सरला.

मी शेजारी बसलोय. डावा हात तिच्या हातात. वही मांडीवर. लिहिलं नाही तर ओरडेन, म्हणून लिहितोय.

वर आई भस्म मळतायत. काहीतरी गुणगुणतायत.

—

रुद्राणीची करंगळी वाकडी. लहानपणी पाटावरवंट्यात सापडलेली. मी रोज हात धरला की आधी तीच चाचपायचो.

ही सरळ आहे.

तळवा रुंद. घट्टे पडलेले. हा बाईचा हात नाही.

—

सोडला. लगेच दुसरा आला. लहान. लहान मुलाचा.

नाही. नाही —

—

तारीख सांगते, कधी. कोण, ते सांगत नाही. पहिल्याच दिवशी शिकवतो मी हे पोरांना. माझ्या डोळ्यांवर कसली झापड —

त्या गुरुवारी ती एकटी नव्हती. रांग होती. रात्रंदिवस. कुणाचं कुणी जवळ नव्हतं. कुणालाच माती —

सगळे आलेत. कुणीतरी मातीला आलंय म्हटल्यावर सगळे —

—

हात फार. कोपरापर्यंत. कमरेला. ओढत नाहीत. नुसते धरून आहेत. इस्पितळात धरायला कुणी नव्हतं ना. प्रत्येकाची करंगळी चाचपतोय. सरळ. सरळ. ही तुटलेली. ही सरळ.

रुद्रा, कुठं आहेस गं.

—

आश्रुबानं दोर टाकलाय. साहेब वर या म्हणतोय, रडतोय बिचारा. उठता येत नाही. वाळू छातीशी. गरम. दम —

आईंना दिसत नाही. श्वास ऐकू येतात त्यांना. एवढे श्वास आणि त्यांना एकच ऐकू येतोय. वरून विचारतायत. आली का माझी रुद्रा. नीट बसली का.

—

नाही म्हटलं तर त्या उघड्या खड्ड्याशी मरेपर्यंत बसतील.

म्हटलं, आली, आई. माझ्याजवळच आहे. नीट बसली.

हसल्या. मी त्यांचं हसू कधी ऐकलं नव्हतं. तिचं होतं तसंच.

एक मूठ माती आली वरून. पानावर पडली. पुसली.

आता श्वास —

अजून एक हात. अगदी आतून. करंगळी —